शमुवेलाची हाक आणि आपली वसतिगृहे

शास्त्रपाठ : १ शमुवेल, अध्याय १ ते ३



बाळ शमुवेलाची गोष्ट आपण संडे स्कूलपासून ऐकत आलो आहोत. पण वसतिगृहाच्या कामात आल्यापासून मी ती वेगळ्या नजरेने वाचते. शमुवेल घरापासून दूर, शिलो येथे देवाच्या मंदिरात ठेवलेला मुलगा होता. त्याची आई हन्ना दरवर्षी लहानसा झगा शिवून भेटीला येई. बाकी वर्षभर तो म्हाताऱ्या एलीच्या हाती. आपल्या भाषेत सांगायचे तर शमुवेल वसतिगृहातला मुलगा आणि एली त्याचा गृहपाल.

सातपुड्याच्या आमच्या भागात अशा हन्ना पुष्कळ आहेत. दिवाळी झाली की आईबाप ऊसतोडीला गुजरातेत जातात, ते होळीच्या सुमारास परततात. लेकरू आमच्या दारात सोडताना ते कागद वाचत नाहीत, नियम विचारत नाहीत. ‘देवाची माणसे आहेत’ एवढ्यावरच विश्वास ठेवतात.

एलीला ठाऊक होते

एली दुष्ट नव्हता. पण त्याचे मुलगे हफनी आणि फिनहास याजक असूनही अर्पणाचे मांस बळजबरीने घेत आणि मंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांशी कुकर्म करीत. हे एलीच्या कानावर आले. त्याने मुलांना बोलावून समज दिली आणि त्यांना त्याच जागी राहू दिले. तिसऱ्या अध्यायात देव एलीच्या घराण्याला दोष देतो तो याच कारणाने : त्याला ठाऊक होते आणि त्याने आवरले नाही.

तोंडी समज देऊन माणसाला त्याच जागी ठेवणे, ही चूक आजही होते. मी स्वतः ती होऊ दिली आहे.

मधल्या तीन सकाळी

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ते मूल मुलगा होते की मुलगी, कोणत्या इयत्तेत होते, हे मी लिहिणार नाही. ओळख उघड करू नये असे कायदा सांगतो आणि प्रेमही तेच सांगते. मराठी त्याला थोडेच येई. दोनदा ते माझ्याकडे पोट दुखते म्हणून आले. दोनदा मी ओवा दिला, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि झोपायला पाठवले. एलीनेही शमुवेलाला दोनदा परत झोपायला पाठवले होते. तिसऱ्या वेळी त्याला उमगले. मला तेव्हाही उमगले नाही. ते मूल तिसऱ्यांदा स्वयंपाकघरात मावशींकडे गेले. मावशी पावरी बोलतात. भाकरी थापता थापता त्यांनी ऐकले आणि सोमवारी रात्री मला सांगितले.

ज्याच्याविषयी सांगितले, तो मनुष्य रोज सकाळी आमच्या प्रार्थनेला पेटी वाजवायला येई. सर्वांचा लाडका.

मंगळवारी समिती बसली. एकाने म्हटले, आधी आपसात चौकशी करू. दुसऱ्याने म्हटले, मंडळीचे नाव जाईल, देणगीदार काय म्हणतील? तिसऱ्याने क्षमेविषयी वचन काढले. मी गप्प बसले. गुरुवारी दुपारी पाळकांच्या पत्नी आणि मी पोलीस ठाण्यात गेलो. मधल्या तीन सकाळी तो मनुष्य पेटी वाजवत होता आणि ते मूल समोर बसून गात होते.

निरोप मिळताच मुलाचे वडील उसाच्या फडातून आले. त्यांनी आरडाओरडा केला नाही. एवढेच विचारले, ‘ताई, तुम्हाला कधी कळले?’ मी म्हणाले, सोमवारी. ‘आणि पोलिसांत कधी गेलात?’ गुरुवारी. ते पुढे काही बोलले नाहीत. ते मूल आज दुसरीकडे शिकत आहे.

कायदा काय सांगतो

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, म्हणजे पोक्सो, १८ वर्षांखालील प्रत्येक मुलामुलीला लागू आहे. त्याच्या कलम १९ प्रमाणे असा अपराध झाल्याचे किंवा होण्याची शक्यता असल्याचे ज्याला कळते, त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे. पुरावा गोळा करणे आपले काम नव्हे. न कळवणे हाच कलम २१ प्रमाणे अपराध आहे. हाताखालच्या माणसाविषयी संस्थेच्या प्रमुखाने कळवले नाही, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. शुद्ध हेतूने कळवणाऱ्यावर मात्र त्याबद्दल कारवाई होत नाही.

पोलिसांची भीती पुष्कळांना वाटते, म्हणून हेही सांगते. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घ्यायचा असतो, आणि जबाब घेणाऱ्याने गणवेशात असू नये. कोणत्याही कारणाने मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. मुलाची बोली वेगळी असेल तर दुभाष्याची तरतूद आहे.

आणि क्षमा? दुखावलेल्याच्या वतीने समितीने क्षमा करावी, असे शास्त्र कोठेही शिकवीत नाही. लहानांना अडखळवणाऱ्याविषयी प्रभू येशू किती कठोर बोलला, हे मत्तयच्या १८ व्या अध्यायात वाचावे. त्याच अध्यायात क्षमेची शिकवणही आहे. प्रभूने एकाने दुसरे झाकले नाही.

आज आम्ही काय करतो

• नवा कामगार, शिकवणीचा शिक्षक, पाहुणा प्रचारक, कोणीही असो, पोलीस पडताळणी आणि आधीच्या ठिकाणी विचारपूस झाल्याशिवाय मुलांचे काम देत नाही.

• कोणीही मोठा माणूस बंद दाराआड एकट्या मुलासोबत थांबत नाही. प्रार्थनेसाठीही नाही.

• मुलांची बोली बोलणारी एक तरी बाई रात्री वसतिगृहात असते. तक्रारपेटी आहे, पण ज्याला लिहिता येत नाही त्याला पेटीचा काय उपयोग?

• १०९८ हा चाइल्डलाइनचा क्रमांक मुलांच्या उंचीवर भिंतीवर रंगवला आहे आणि फोन मुलांच्या हाती लागेल असा ठेवला आहे.

• मूल काही बोलले तर मध्ये न तोडता ऐकतो, ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देत नाही, त्याचेच शब्द लिहून ठेवतो आणि त्याच दिवशी पोलिसांना कळवतो. ज्याच्याविषयी सांगितले तो त्या क्षणापासून आवारात येत नाही.

तुम्हालाही एक विनंती. देणगी देताना किती मुले शिकतात हे तुम्ही विचारता. ती मुले रात्री कोणाच्या देखरेखीखाली झोपतात, हेही विचारा. भेटीला आलात तर मुलांचे फोटो काढून नाव-गावासह पाठवू नका.

एलीने शेवटी एक गोष्ट बरोबर केली

हाक आली त्या रात्रीनंतर शमुवेल सकाळपर्यंत पडून राहिला. मग उठून त्याने मंदिराची दारे उघडली. देवाने सांगितलेले एलीला सांगायला तो भीत होता, कारण ते एलीच्याच घराविरुद्ध होते. तेव्हा एलीने त्याला ‘माझ्या मुला’ म्हणून जवळ बोलावले आणि काहीही लपवू नकोस म्हणून विनवले. आपल्या घराचे नाव बुडणार हे ऐकूनही त्याने मुलाला खोटे ठरवले नाही. मंडळीने एवढे तरी एलीकडून शिकावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. एलीने मुलांना समज दिली, तरी देवाने त्याला दोषी का ठरवले?

२. आपल्या संडे स्कूलमध्ये किंवा वसतिगृहात एखाद्या मुलाला काही सांगायचे असेल, तर ते कोणाकडे जाईल? त्या व्यक्तीला मुलाची बोली येते का?

३. ‘मंडळीचे नाव’ जपताना आपण कधी कोणाला गप्प बसवले आहे का?

प्रार्थना

हे प्रभू, तू लेकरांची हाक ऐकतोस. आम्ही झोपायला परत पाठवलेल्या लेकरांबद्दल आम्हांला क्षमा कर. पुढच्या वेळी पहिल्याच हाकेला जागे होण्याची बुद्धी दे. आमेन.