ऑर्गनची पायडले आणि त्यांची दुरुस्ती

संगीत नाटकाचा विषय निघाला की आपण गायकनटांविषयी भरभरून बोलतो, साथीच्या वाद्यांवर दोन वाक्ये बोलतो आणि त्या वाद्यांच्या दुरुस्तीविषयी मात्र अवाक्षरही काढीत नाही. आपल्या भागाला तरी हे शोभत नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' केले ते सांगलीत. 'शारदे'चे कर्ते देवल शेजारच्या हरिपूरचे. आणि बालगंधर्वांनी १९०५ साली शकुंतलेच्या भूमिकेत प्रथम पाऊल टाकले ते मिरजेत. या रंगभूमीवर सारंगीच्या जोडीला आधी पायपेटी आली आणि पुढे ऑर्गन. आज एखादा ऑर्गन जुन्या संस्थेच्या अडगळीत, चर्चमध्ये किंवा वाड्याच्या माजघरात पडलेला आढळला तर त्याचे पितळी सूर बहुधा शाबूत असतात. मोडलेली असतात ती पायडले. सुरांना काही झालेले नसताना वाद्य भंगारात जाते, म्हणून हा लेख.

पियानोलाही पायडले असतात, पण त्यांचे काम निराळे. उभ्या पियानोचे उजवे पायडल दाबले की आतला लाकडी दांडा वर सरकतो आणि तारांवरचे नमदे एकदम उचलले जातात. डावे पायडल हातोड्या तारांच्या जवळ आणते. दांडा निसटला किंवा कमान तुटली तरी पियानो वाजतो, फक्त नाद दीर्घ किंवा मृदू करता येत नाही. ऑर्गनचे तसे नाही. तेथे पायडल म्हणजे श्वास. ते गेले की वाद्य मुके.

आता एक भेद नीट ध्यानात घ्यावा, कारण पुढची सारी दुरुस्ती त्यावर अवलंबून आहे. पायपेटीत पायाने भाता दाबला जातो आणि हवा सुरांतून बाहेर ढकलली जाते. अमेरिकन धाटणीच्या ऑर्गनमध्ये याच्या नेमके उलट घडते. पायडल दाबले की पट्ट्याने लहान भाता ओढून उघडला जातो, तो साठवणीच्या मोठ्या भात्यातील हवा शोषून घेतो आणि बाहेरची हवा सुरांमधून आत येते. पाय उचलला की कमानीच्या जोराने लहान भाता मिटतो आणि शोषलेली हवा बाहेर सोडतो. पेटी दुरुस्त करणारा कुशल कारागीरही हा भेद विसरला की चुकीच्या जागी गळती शोधीत बसतो.

दोष ओळखणे पायालाच सोपे जाते. पायडल काहीही विरोध न करता खाली गेले तर पट्टा तुटलेला असतो, नाहीतर आतली कातडी झडप निकामी झालेली असते. खाली गेलेले पायडल वर येत नसेल तर लहान भात्याची कमान पाहावी. पायाला जोर लागतो, सूरही उमटतो, पण दोन दाबांच्या मध्येच तो विरतो, अशा वेळी साठवणीचा भाता गळतो आहे असे समजावे. गळतीची जागा शोधण्यास उदबत्ती पुरते: शिवणीजवळ धरली असता ऑर्गनमध्ये धूर आत ओढला जातो, पायपेटीत बाहेर उडतो. मात्र विस्तव दूर धरावा. साठ-सत्तर वर्षांचे वाळलेले कापड पेटायला वेळ लागत नाही.

सर्वांत अधिक तुटतो तो पट्टा, आणि तोही बहुधा लाकडी रुळावरून वळतो तेथेच. रूळ धुळीने अडकला की पट्टा त्यावर घासून घासून झिजतो. म्हणून नुसता पट्टा बदलून भागत नाही, रूळ मोकळा करावा लागतो. तेल घालू नये, ते लाकडात आणि पट्ट्यात मुरते. शिसपेन्सिलीची पूड चोळावी. खाटेची नवार हाताशी असते खरी, पण ती ताणते. घट्ट विणीचा सुती पट्टा घ्यावा आणि खिळ्यांऐवजी स्क्रूने बसवावा. लांबी ठरवताना लहान भाता पूर्ण मिटलेला आणि पायडल पूर्ण वर असावे, आणि पट्ट्यात ढिलाई नसावी. पट्टा लांब झाला तर भाता उघडण्याआधीच पाय जमिनीला टेकतो. आखूड झाला तर भाता कधीच पुरता मिटत नाही आणि प्रत्येक दाबातली निम्मी मेहनत वाया जाते.

भात्याचे कापड घड्यांवर फुटले असेल तर ठिगळ लावण्याच्या भानगडीत पडू नये. घडीवरचे ठिगळ टिकत नाही, सारे कापडच बदलावे. येथे रेक्झिन आणि पांढरा कृत्रिम गोंद वापरणारे पुष्कळ भेटतात. माझ्या मते वाद्याचा खरा घात तेथे होतो. रेक्झिन जाड असल्याने भाता मिटत नाही, आणि तो गोंद पुढच्या दुरुस्तीच्या वेळी लाकडाचे पापुद्रे घेऊनच निघतो. जुना सरस ओल आणि ऊब दिली की सुटतो, लाकडाला इजा होत नाही. तो पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून सुमारे ६० अंशांवर पातळ करावा. उकळला की त्याची पकड जाते. झडपांसाठी मऊ कातडे घ्यावे, लवदार बाजू भोकाकडे ठेवावी आणि ते फार ताणू नये.

हवामानाचाही विचार हवा. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर सांगली जिल्ह्याचा जत-आटपाडीचा पट्टा दुष्काळी. पश्चिमेकडे कमानी गंजतात आणि सांधे फुगतात, पूर्वेकडे फळ्या आकसून चिरा पडतात. म्हणून एकीकडून दुसरीकडे नेलेले वाद्य लगेच उघडू नये, एक ऋतू त्याला तेथे रुळू द्यावे. उंदरांचा उपद्रव मात्र दोन्हीकडे सारखाच. नमदा आणि कापड त्यांना फार प्रिय. तळाच्या मोकळ्या जागेला बारीक जाळी ठोकावी, आणि वाद्य वाजवणारे कोणी नसले तरी आठवड्यातून एकदा पाच मिनिटे दोन्ही पायडले सावकाश चालवावीत, म्हणजे घड्या ताठरत नाहीत.