परभणीचं ऊन सोसणाऱ्याला किनाऱ्यावर भोवळ का येते?

मे महिन्यात परभणीचा पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि तशाही उन्हात आपली माणसं रानात धसकटं वेचत असतात. अशी कामं केलेला तरणा गडी मुंबई-पनवेलकडे बांधकामावर जातो. तिथे पारा जेमतेम ३५ असतो, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला मळमळायला लागतं, डोकं ठणकतं, पोटऱ्यांत गोळे येतात. घरी फोन येतो, "इथलं पाणी मला मानवत नाही." पुष्कळदा दोष पाण्याचा नसतो, हवेचा असतो. पाथरी, सेलू, जिंतूर, गंगाखेडहून कामासाठी, शिक्षणासाठी, भरतीसाठी जी मुलं किनाऱ्याकडे जातात, त्यांनी आणि त्यांच्या आई-वडिलांनी हा फरक समजून घ्यावा, असं मला फार वाटतं.

शरीर थंड होतं ते घाम आल्याने नव्हे, घाम वाळल्याने. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता अंगातून निघून जाते. आपल्या माठातलं पाणी जसं गार होतं, तसंच हे आहे. परभणीची उन्हाळी हवा कोरडी असल्याने घाम आला की लगेच उडून जातो. किनाऱ्यावरची हवा आधीच बाष्पाने भरलेली. तिथे घाम वाळत नाही, निथळतो. निथळलेल्या घामाने पाणी जातं, मीठ जातं आणि अंग मात्र गार होत नाही.

तापमापकाला ओलं फडकं गुंडाळून घेतलेली नोंद हा फरक नेमका दाखवते. ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या फडक्याचा पारा २३ च्या आसपास येतो. ३६ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेत तोच पारा ३० वर थांबतो. आपल्या त्वचेचं तापमान साधारण ३५ असतं, आणि ओल्या फडक्याचा पारा त्याच्या जितका जवळ, तितकं घामाने अंग गार होणं अवघड. म्हणजे मोबाइलवर आठ अंश कमी दिसणारी हवा शरीराला जास्त जड जाते. भारतीय हवामान विभागही दोन्हीकडे एकच माप लावत नाही. उष्णतेची लाट ठरवताना पारा सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी वर असावा लागतो, पण मैदानी भागात तो निदान ४० हवा, तर किनाऱ्यावर ३७ पुरतो.

१६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा भरदुपारी उघड्या मैदानात झाला. पारा ३८ च्या आसपास होता. आपल्याकडे त्या आकड्याला कुणी ऊन म्हणणार नाही. त्या दिवशीच्या उष्माघाताने चौदा माणसं गेली. "अडतीसच तर आहे" असं कुणी म्हटलं की मला ती चौदा घरं आठवतात.

शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. दुपारी समुद्रावरून येणारा खारा वारा मुंबईचं तापमान आवरून धरतो. मार्च-एप्रिलमध्ये पूर्वेकडचा, म्हणजे आपल्याच बाजूचा तापलेला वारा जोर धरतो, तेव्हा खारा वारा उशिरा सुटतो आणि त्या दिवशी पारा एकदम चढतो. म्हणून सकाळी दहा-अकराला किनाऱ्यावर वारा पडलेला वाटला, तर त्या दिवशी जड काम पुढे ढकला. पावसाळा सरल्यावरच्या ऑक्टोबरलाही हलकं समजू नका.

रात्रीचा फरक तर लोकांच्या लक्षातच येत नाही. आपल्याकडे दिवस कितीही तापला तरी पहाटेपर्यंत पारा पंधराएक अंशांनी उतरतो. गच्चीवर अंथरूण टाकलं की झोप लागते आणि शरीर सावरतं. मुंबईत मे महिन्यात दिवसाचं कमाल सरासरी ३३, तर रात्रीचं किमान २७. पत्र्याच्या खोलीत सहा-आठ जण झोपलेले असतील तर त्याहून वाईट. अंगाला विसावा न मिळता दुसरा दिवस उजाडतो, आणि त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतो त्याचं एक कारण हे. इथून कूलर घेऊन जाणाऱ्यांना मी सांगतो, तो इथेच राहू द्या. कूलर हवेत ओलावा घालतो आणि तिथे ओलावा आधीच भरपूर आहे. तिथे साधा पंखा आणि समोरासमोर उघडी खिडकी-दार जास्त कामाचं.

शरीर नव्या हवेला सरावतं, पण त्याला एक ते दोन आठवडे लागतात. आपल्या उन्हाचा सराव थोडा उपयोगी पडतो, पुरा पडत नाही. पहिल्या दिवशी नेहमीच्या पाचव्या हिश्श्याएवढंच जड काम करावं आणि रोज थोडं वाढवावं. मुकादम ऐकत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी निदान पहिला आठवडा दुपारच्या उन्हातलं काम टाळून मागा. भरतीच्या मुलांची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. रात्रभर देवगिरी किंवा नंदीग्राम एक्स्प्रेसने उभ्याने प्रवास, झोप नाही, पोटात काही नाही, आणि सकाळी मैदानावर जीव तोडून धावायचं. जमेल तर चार-पाच दिवस आधी जा आणि तिथे रोज थोडं धावा. ते परवडत नसेल तर निदान आदल्या दिवशी पोहोचा, पोटभर जेवा आणि झोपा. अंगात ताप असेल किंवा जुलाब लागले असतील तर धावू नका. भरती पुन्हा निघते.

तहानेची वाट पाहू नका, थोड्या-थोड्या वेळाने पाणी प्या. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय. घाम निथळत असताना नुसतं पाणीच ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि तेही धोक्याचं. ताक, ज्वारीची आंबील, मीठ घातलेलं पन्हं, तिकडे मिळणारं कोकम सरबत, सगळं चांगलं. काहीच नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, किंवा हृदयाचा, मूत्रपिंडाचा आजार असेल, तर पाणी-मीठ किती घ्यायचं हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

आता सर्वांत महत्त्वाचं. "घाम येतोय, म्हणजे उष्माघात नाही," ही समजूत घातक आहे. काम करताना होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने चिंब असू शकतं. माणूस बरळायला लागला, झोकांड्या देऊ लागला, झटका आला किंवा शुद्ध हरपली आणि अंग भट्टीसारखं तापलं असेल, तर तो उष्माघातच समजा. १०८ ला फोन लावा, पण गाडी येईपर्यंत थांबून राहू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, जमेल तितकं थंड पाणी अंगावर ओता आणि वारा घाला. आपल्याकडे ओली चादर आणि पंखा यांनी अंग लवकर निवतं. दमट हवेत तेवढं पुरत नाही, म्हणून तिथे बर्फ शोधा आणि तो फडक्यात बांधून मानेला, काखेत, जांघेत लावा. पाण्याचं मोठं टाकं असेल तर डोकं वर धरून त्यात बसवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथे काम करत नाही, आणि खिशातला कांदाही नाही.

पावसाळ्यात किनाऱ्याची तऱ्हा वेगळी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे परभणीत वर्षभरात पडतो जवळपास तेवढा. अशा तुंबलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळतं आणि पायाच्या भेगांतून, जखमांतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अंगात शिरतात. त्या पुरानंतर मुंबईत या आजाराची मोठी साथ आली होती. गुडघाभर पाण्यातून जावं लागलं तर पाय साबणाने धुवा आणि ७२ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात दाखवा. प्रतिबंधाची गोळी तिथे मिळते. गरोदर बाई आणि लहान मुलं यांच्याबाबत डॉक्टर वेगळा निर्णय घेतील, म्हणून दुसऱ्याची गोळी त्यांना देऊ नका.

दमट कपड्यांमुळे जांघेत नायटा होतो. मेडिकलवाला जे मलम देतो त्यात बहुधा स्टेरॉइड असतं. खाज थांबते, बुरशी मात्र पसरते. सुती कपडे पूर्ण वाळवून घाला आणि नायटा डॉक्टरांना दाखवा.

लेप्टोस्पायरोसिस आणि मलेरिया दोन्ही अंगात शिरल्यावर आठवडा-दोन आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा डोकं वर काढतात. तोवर माणूस सणाला गावी आलेला असतो. थंडीताप, पोटऱ्यांत असह्य दुखणं, डोळे लाल किंवा पिवळे, लघवी कमी, यांतलं काहीही झालं तर सलाइन लावून घेऊन परत जाऊ नका, रक्त तपासून घ्या. आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण होऊन सांगा, की मी मुंबईहून आलोय आणि तिथे पाण्यातून चाललो होतो.