पांगारा : मऊ असूनही ‘कठीण’!

सावंतवाडीचे लाकडी केळे तुम्ही कधी हातात घेतले आहे का? रंग आणि आकार हुबेहूब. वजन मात्र अगदीच कमी. अशी फळे व खेळणी करण्यासाठी तेथील चितारी आंब्याप्रमाणेच पांगाऱ्याचेही लाकूड वापरत आले आहेत. हे लाकूड इतके मऊ, की नखाने दाबले तरी खूण उमटते. तरीही लाकूडशास्त्रात त्याची गणना ‘कठीण लाकूड’ या वर्गात होते. हे कसे?

येथे ‘कठीण’ हा शब्द फसवा आहे. हे वर्गीकरण कणखरपणावरून नव्हे, तर झाडाच्या कुळावरून केलेले आहे. चीड, देवदार यांसारख्या अनावृतबीजी वृक्षांचे लाकूड ते ‘मृदू’. साग, बाभूळ, पांगारा यांसारख्या द्विदल, सपुष्प वृक्षांचे ते ‘कठीण’. म्हणून विमानांच्या प्रतिकृती ज्यापासून करतात ते अतिशय हलके बाल्साही ‘कठीण’च; उलट ‘मृदू’ चीड पांगाऱ्याहून जड भरते.

मग पांगारा मऊ का? १० सें.मी. लांब, ५ सें.मी. रुंद व २ सें.मी. जाड, म्हणजे १०० घन सें.मी. आकारमानाचे वाळलेले ठोकळे घ्या. सागाचा ठोकळा सुमारे ६५ ग्रॅम भरेल, पांगाऱ्याचा ३०, तर बाल्साचा १६ ग्रॅम. पण लाकडातील पेशींच्या भिंती ज्या द्रव्याच्या असतात, त्याची घनता सर्व वृक्षांत जवळजवळ सारखीच असते. ते द्रव्य पोकळी न ठेवता ठासून भरले, तर ठोकळा सुमारे १५० ग्रॅमचा होईल. म्हणजे पांगाऱ्यात द्रव्य फक्त एक पंचमांश. उरलेली चार पंचमांश पोकळी! फरक आहे तो या पोकळीचा.

तिच्यामुळेच पटाशी लाकडात सहज शिरते. वाळताना ते फारसे वाकत वा तडकत नाही. रंग आणि लाखही त्यावर चांगली बसते. कातकामात फिरत्या खेळण्याला लाखेची रंगीत कांडी टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून चकचकीत थर चढतो. हलक्या पेट्या, तबके, तलवारीच्या म्यानी आणि तराफे यांसाठीही हे लाकूड वापरले गेले आहे.

पोकळीचे तोटेही आहेत. असे लाकूड भार पेलत नाही व खिळा घट्ट धरत नाही. म्हणून तुळई किंवा दाराच्या चौकटीला ते चालत नाही. ओल राहिली तर बुरशी आणि कीड लवकर लागते. म्हणून तोडल्यावर ते लगेच वाळवावे लागते.

घराला उपयोगी नाही म्हणून असे झाड कुचकामी ठरवणे मात्र चूक होईल. आंध्र प्रदेशातील कोंडपल्लीची प्रसिद्ध खेळणी ‘तेल्ला पोणिकी’ या वृक्षाच्या मऊ लाकडाची असतात. हे लाकूड दुर्मिळ झाल्याने तेथील कारागीर अडचणीत आले. झाड गेले की त्यामागोमाग कलाही जाते!

पांगारा जगवणे मात्र सोपे आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी त्याची जाड फांदी कुंपणात रोवली तरी ती मूळ धरते. पण सांभाळून, तिला काटे असतात!

करून पाहा : सुताराकडून निरनिराळ्या लाकडांचे वाळलेले, सारख्या मापाचे ठोकळे आणा. प्रत्येकाचे वजन ग्रॅममध्ये व आकारमान घन सें.मी.मध्ये काढा. वजनाला आकारमानाने भागून आलेली घनता १.५ ने भागा. ठोकळ्याचा किती भाग लाकूड आणि किती पोकळी, ते तुम्हांला कळेल.