कंत्राटदाराची पावती पुरेशी नाही

फ्लोरिडात घरमालकाने कंत्राटदाराचा पै न् पै हिशोब चुकता केला, तरी त्याच कामाचे पैसे त्याला पुन्हा मोजावे लागू शकतात. कंत्राटदाराने छप्परवाल्याचे, प्लंबरचे किंवा माल पुरवणाऱ्याचे पैसे थकवले, तर ही मंडळी थेट घरावर बोजा चढवू शकतात. त्यालाच तिथे ‘कन्स्ट्रक्शन लीन’ म्हणतात.

सप्टेंबर 2022 मध्ये इयन चक्रीवादळ राज्याच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर आदळलं. त्यानंतर फोर्ट मायर्सच्या परिसरात गल्लोगल्ली छपरं बदलली जात होती, त्यात आमचंही होतं. काम चांगलं झालं, पैसे दिले, पावतीही मिळाली. मग छपराचं साहित्य पुरवणाऱ्या कंपनीने काउंटीत लीन नोंदवल्याचं पत्र आलं. कंत्राटदाराने आमचे पैसे तिच्यापर्यंत पोहोचवलेच नव्हते. आपण माल पुरवत असल्याची कंपनीची नोटीस मात्र मुदतीत आलेली होती, त्यामुळे वकिलालाही फारसं काही करता येईना. थकबाकी आम्ही भरली, तेव्हा बोजा उतरला.

महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाला हे चक्रावून टाकतं. आपल्याकडे सिमेंटवाल्याची उधारी कंत्राटदाराच्या खात्यावर राहते. घर घेताना शोध अहवालात वकील पाहतो ते गहाणखत, दावे, नोंदणीकृत व्यवहार.

अमेरिकेत असा पहिला कायदा मेरीलँडने 1791 मध्ये केला. नवी राजधानी वॉशिंग्टन उभारायची होती आणि कारागिरांना मजुरीची हमी हवी होती. आता सगळ्याच राज्यांत असे कायदे आहेत, पण मुदती वेगवेगळ्या. पुढचं सगळं फ्लोरिडापुरतं.

मोठं काम सुरू होण्यापूर्वी मालकाने ‘नोटीस ऑफ कमेन्समेंट’ काउंटीच्या क्लर्ककडे नोंदवायची आणि तिची प्रत कामाच्या जागी लावायची. ज्यांचा मालकाशी थेट करार नाही अशा पुरवठादारांनी आणि पोटकंत्राटदारांनी काम किंवा माल देऊ लागल्यापासून 45 दिवसांत मालकाला ‘नोटीस टू ओनर’ द्यायची. हा कागद म्हणजे तक्रार नव्हे, पण रद्दीही नव्हे. आपल्या घरावर कोणाकोणाचा हक्क लागू शकतो, याची यादी त्यातूनच तयार होते. अशी नोटीस देणाऱ्या प्रत्येकाकडून, पैसे देताना, त्या टप्प्याचं ‘रिलीज ऑफ लीन’, म्हणजे हक्क सोडल्याचं पत्र, लिहून घ्यावं. रोजंदारीवरच्या मजुराला ही नोटीस द्यावी लागत नाही, म्हणून शेवटचा हप्ता देण्यापूर्वी कंत्राटदाराकडून सर्वांचे पैसे चुकते केल्याचं शपथपत्रही घ्यायला हवं.

ज्यांचे पैसे अडकले आहेत, त्यांच्यासाठी घड्याळ कडक आहे. शेवटचं काम केल्यापासून किंवा माल दिल्यापासून 90 दिवसांत लीन नोंदवायचं आणि नोंदणीपासून 1 वर्षात दावा लावायचा. मालकाने ‘नोटीस ऑफ कॉन्टेस्ट’ नोंदवली, तर ही वर्षाची मुदत 60 दिवसांवर येते. रक्कम जाणूनबुजून फुगवली, तर लीन बाद होतं आणि फौजदारी गुन्हाही ठरतो. तिथे घरांच्या बांधकामाची, दुरुस्तीची कामं करणाऱ्या मराठी उद्योजकांनीही या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवाव्यात. एका दिवसाचा उशीरही हक्क घालवतो.

राहत्या घराला फ्लोरिडाची राज्यघटना सावकारांपासून मोठं संरक्षण देते. मात्र त्याच घरावर झालेल्या कामाची थकबाकी त्या संरक्षणाबाहेर ठेवलेली आहे.

तयार घर विकत घेणाऱ्याने आणखी सावध राहावं. बहुतेक लीनचा अग्रक्रम नोटीस ऑफ कमेन्समेंट नोंदवल्याच्या तारखेपासून धरला जातो. त्यामुळे आज दप्तरात लीन दिसलं नाही, तरी नुकत्याच झालेल्या कामाचं लीन खरेदीनंतर नोंदवलं जाऊ शकतं आणि ते खरेदीआधीचं ठरतं. क्लर्कच्या ‘ऑफिशियल रेकॉर्ड्स’मध्ये विक्रेत्याच्या नावाने शोधताना लीनबरोबर उघडी राहिलेली नोटीस ऑफ कमेन्समेंटही पाहावी. स्वयंपाकघर किंवा छप्पर नवं दिसत असेल, तर काम कोणी केलं आणि त्याची रिलीजं कुठे आहेत, हे मालकीहक्क तपासणाऱ्या टायटल कंपनीला लेखी विचारावं.

कंत्राटदार कितीही ओळखीचा असो, शपथपत्र आणि सगळी रिलीजं हातात आल्याशिवाय शेवटचा चेक देऊ नका. लीनचं पत्र आलंच, तर कंत्राटदाराशी वाद घालण्याआधी तिथल्या बांधकाम कायद्याच्या वकिलाकडे जा.