जुनी मालमोटार घेण्यापूर्वी

मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्यामुळे उदगीर-देगलूरकडील माणसाला हैदराबादची कोठी परकी वाटत नाही. तेथील एखाद्या ओळखीतून जुनी मालमोटार स्वस्तात मिळत असल्याची वार्ता गावी येते. ही स्वस्ताई प्रथम कागदावर मांडून पाहावी. समजा, मागणी चार लाखांची आहे. इंजिनाचे काम दीड लाख, सहा टायर सव्वा लाख, पाटे व हौद्याची डागडुजी पाऊण लाख, म्हणजे गाडी साडेसात लाखांना पडते. शिवाय ती दुरुस्तीसाठी उभी असताना भाडे बुडते, कर्जाचे व्याज मात्र थांबत नाही.

इंजिन थंड असतानाच सुरू करवून घ्यावे. विक्रेत्याने ते आधीच तापवून ठेवले असल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जावे. तेल भरण्याच्या तोंडातून धूर जोराने येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्याचा संशय घ्यावा. टायर बदलता येतात. चेसिसला तडा जाऊन जोडकाम झालेले दिसल्यास व्यवहार तेथेच सोडावा. सोबत स्वतःचा मिस्त्री न्यावा, विक्रेत्याचा नव्हे.

चेसिसवर कोरलेला क्रमांक नोंदणीपत्राशी ताडून पाहावा. गाडीवर कर्जाचा बोजा असल्यास तो उतरल्याचा नमुना ३५ वित्तसंस्थेच्या सहीचा हवा. आठ वर्षांहून जुन्या गाडीचे योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते, हेही हिशेबात धरावे. तेलंगणातील गाडी महाराष्ट्रात आणून नोंदवावयाची तर मूळ परिवहन कार्यालयाचे नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र लागते, आणि महाराष्ट्राचा कर निराळा भरावा लागतो. थकलेला कर व दंड आधी विक्रेत्याकडून भरवून घ्यावा. प्रमाणपत्र हाती येईपर्यंत विसारापलीकडे रक्कम देऊ नये.