डोळ्यातील घड

पूर्वीच्या सातारा जिल्ह्यातून १९४९ साली दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. या जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात पाऊस बेताचाच. पण माघ-फाल्गुनात तेथे गेलेल्या प्रवाशाला मांडवाखाली लोंबणारे द्राक्षांचे घड जागोजाग दिसतात. त्या घडांचे भवितव्य आदल्या उन्हाळ्यातच ठरलेले असते, हे मात्र बागाईतदारालाच ठाऊक असते.

द्राक्षवेल मूळची थंड हिवाळ्याच्या प्रदेशातील. तेथे हिवाळ्यात तिची पाने गळतात, ती जणू निजते आणि वसंतात जागी होऊन फुलते. महाराष्ट्रात तिला निजविणारा हिवाळा नाही. मोकळी सोडली, तर ती सतत वाढत राहते आणि पानांचे नुसते रान माजते. म्हणून तेथे जे काम ऋतू करतो, ते येथे कात्रीने करावे लागते आणि तेही वर्षातून दोनदा.

घड उतरल्यावर एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. एक-दोन डोळे राखून काड्या छाटल्या, की मांडव बोडका दिसू लागतो. पुढे नव्या काड्या फुटतात व पानांच्या बगलेत नवे डोळे धरतात. छाटणीनंतर साधारणपणे ४० ते ६० दिवसांत या डोळ्यांच्या आत घडाची घडण होते. तेथील एकाच सूक्ष्म अंकुरापुढे दोन वाटा असतात: फुलांचा घड होणे, किंवा आधाराला विळखा घालणारी बाळी होणे. काड्यांवर चांगले ऊन पडले आणि पाणी व नत्र बेताने मिळाले, तर घड होतो. फुटींची दाटी झाली, अथवा आभाळ झाकोळून राहिले, तर बाळी होण्याचा संभव वाढतो. म्हणूनच भर उन्हाळ्यात माणसे मांडवाखाली उभी राहून फाजील फुटी काढतात व शेंडे खुडतात. त्या श्रमांचे फळ त्या वेळी कोणालाच दिसत नसते.

ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी होते. तिच्यापूर्वी अनेक बागाईतदार काड्यांचे नमुने प्रयोगशाळेत नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली डोळे तपासून घेतात. कितव्या डोळ्यात घड आहे हे कळले, की तो डोळा राखून काडी छाटली जाते. नव्या फुटीबरोबर इवले घड बाहेर येतात आणि महिना-सव्वा महिन्यात त्यांवर बारीक, हिरवट फुले उमलतात.

परंतु डोळ्यात बाळीच असेल, तर तेव्हा घातलेले खतपाणी तिचा घड करू शकत नाही. वर्षाचा खर्च आणि डोक्यावरचे कर्ज तेवढे उरते व पुढच्या उन्हाळ्याची वाट पाहावी लागते. फुललेल्या बागेचे कौतुक सारेच करतात. बागाईतदाराची खरी परीक्षा मात्र मांडव बोडका असतानाच सुरू झालेली असते.