वणव्यापासून घरांचे रक्षण : मरीन काउंटीचा कर

वणवा म्हटला की ज्वालांची भिंत पुढे सरकत येऊन घरे गिळते, असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. प्रत्यक्षात अनेक घरे पेटतात ती ज्वाला पोहोचण्यापूर्वीच. वाऱ्याबरोबर दूरवरून उडत आलेले निखारे पन्हळीत साचलेल्या वाळल्या पाल्यावर, लाकडी पायऱ्यांखाली किंवा माळ्याच्या झरोक्यात पडतात आणि घर आग धरते. म्हणूनच घराभोवतालचे शंभर फूट, त्यातही भिंतीलगतचे पहिले पाच फूट, निर्णायक ठरतात.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस गोल्डन गेट पुलापलीकडे मरीन काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारणतः आपला जिल्हा. डोंगरउतारावरील दाट झाडी आणि तिला खेटून वसलेली गावे, अशी तेथील वस्ती आहे. १९२९ साली मिल व्हॅली येथे शंभराहून अधिक घरे जळाली. १९९५ च्या वणव्यात सुमारे ४५ घरे गेली. ऑक्टोबर २०१७ मध्ये शेजारच्या सोनोमा काउंटीत एका वणव्याने २२ बळी घेतले व पाच हजारांवर इमारती बेचिराख केल्या. त्यानंतर मरीनमधील कारभाऱ्यांना स्वस्थ बसणे शक्य नव्हते.

मार्च २०२० मध्ये प्रतिबंधक कामांसाठी स्वतंत्र कराचा प्रस्ताव मतदारांपुढे ठेवण्यात आला. अशा करास तेथे दोन-तृतीयांश मतांची अट आहे. ती पार पडली. आपल्या घरपट्टीप्रमाणेच हा कर इमारतीवर बसतो. २०२० मध्ये मंजूर झालेला दर बांधकामाच्या चौरस फुटास दहा सेंट होता, म्हणजे दीड हजार चौरस फुटांच्या घरास वर्षाला १५० डॉलर. अल्प उत्पन्नाच्या वृद्धांना सूट आहे. वार्षिक उत्पन्न सुमारे दोन कोटी डॉलर धरण्यात आले. नगरपालिका, अग्निशामक जिल्हे व काउंटी मिळून १७ संस्थांचे संयुक्त प्राधिकरण हा निधी खर्च करते.

निधीची विभागणी लक्षात घेण्याजोगी आहे. साठ टक्के रक्कम हद्दी ओलांडणाऱ्या समाईक कामांना : झाडोरा विरळ करणे, सुटकेचे रस्ते मोकळे ठेवणे, धोक्याची सूचना देणे. वीस टक्के स्थानिक संस्थांच्या निवडीच्या कामांना. उरलेले वीस टक्के घराभोवतीची तपासणी आणि घरे आगरोधक करण्यास. प्रशिक्षित तपासनीस दारोदार जाऊन पाहणी करतात व कोणते झुडूप काढावे, कोणत्या झरोक्यास बारीक जाळी बसवावी, हे घरमालकास लेखी कळवितात. दुरुस्तीसाठी अनुदानही मिळते. तोडलेल्या फांद्या वस्तीत येऊन यंत्राने बारीक करून दिल्या जातात; कोठे कोठे गवत चरण्यास शेळ्यांचे कळप सोडतात. वृद्ध मालकाने कष्टाने झुडपे तोडली तरी त्यांचा ढीग कोठे न्यावा, हा प्रश्न त्यामुळे सुटतो.

खाजगी अंगणावर सार्वजनिक पैसा का, असा आक्षेप साहजिक आहे. पण एका घराची आग शेजारच्या घरास निखारे पुरविते; निष्काळजी शेजाऱ्याचे कुंपण हे साऱ्या आळीचे संकट ठरते. सह्याद्रीच्या पट्ट्यात वनहद्दीवर जाळरेषा काढण्याची पद्धत जुनी आहे. मरीनने तेच तत्त्व घराच्या भिंतीपर्यंत आणले.

अडचण राहतेच. तपासनिसाचा सल्ला अमलात आणण्याचा पुष्कळसा खर्च मालकावर पडतो, आणि भाडेकरूच्या हाती तर काहीच नसते. शिवाय गवत व झुडपे दर पावसाळ्यानंतर पुन्हा वाढतात, कराची मुदत मात्र दहा वर्षांची आहे. तो पुढे चालू ठेवावयाचा तर पुन्हा मतदारांकडेच जावे लागेल.